भांडणानंतरचं कोरं पान

“मेलेला भाऊ पुढच्या पानावर भांडतोय, अशी तक्रार आहे,” म्हणत ग्रंथपालबाईंनी पुस्तक मेजावर आपटलं. “मामा, महिन्यातली ही दुसरी. पाचच्या आत नीट करून द्या. नाहीतर उद्यापासून घरीच बसा.”

बाईंडर सगळ्या वाचनालयाचे मामा, पण हाताखाली काम करणाऱ्या भाचीचे सख्खे. “माझ्याकडूनच झालं,” ते मान खाली घालून म्हणाले. चूक खरं तर भाचीची होती. अठरा वर्षांची पोर, पण पायाला भिंगरी. हात एकीकडे, चित्त भलतीकडे. शेवटचे दोन फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, तिने उलटसुलट शिवले होते.

“तू का घेतलंस अंगावर?” बाई गेल्यावर तिने विचारलं.

“तू हंगामी. तुला आजच नारळ दिला असता.”

तिने कातर उचलली, पहिला दोरा कापला आणि शेजारच्या स्टुलावर कुणीतरी धपकन बसलं. हातात वल्हं, कपडे चिंब. त्याच पुस्तकातल्या गोष्टीतली नावाडीण. भाचीने आधी काय केलं, तर कागदांचा गठ्ठा तिच्यापासून लांब सरकवला. घाबरायचं तिला नंतर सुचलं.

“कापू नकोस,” नावाडीण म्हणाली. “तू शिवलंस तसंच राहू दे. पुस्तक संपतं तेव्हा माझा भाऊ माझ्याशी भांडून, दार आपटून निघून जातो.”

“आणि हे तुला आवडतं?”

“जिवंत तर असतो ना. नीट शिवलंस की भांडणाचं पान उलटताच तो पुरात बुडतो. समजूत काढायला एक शब्दही मिळत नाही गं मला.”

“कुठे गळतंय का?” मामांनी विचारलं. त्यांना दिसत फारसं नव्हतं, पण कान तिखट होते.

“नाही, मामा.”

 भाची उठली, बसली, चिकटवायची खळ उगाच ढवळली. पलीकडे मामा सुईत दोरा ओवत होते. तीनदा चुकले, चौथ्यांदा दोरा ओठांनी ओला करून पुन्हा लागले. चाळीस वर्षं या खोलीत काढलेला माणूस आपल्यापायी घरी बसणार, हे तिला सोसवेना. आणि समोरच्या या बाईचं तरी काय चुकलं होतं?

“मला शिवावंच लागेल,” ती शेवटी म्हणाली. “रागावू नकोस.”

नावाडिणीने बाहीने तोंड पुसलं.

मग भाचीने करू नये ते केलं. कोरं पान पुस्तकाच्या टोकांना घालायचं, मध्ये कधीच नाही, हा मामांचा पहिला धडा. तिने एक कोरं पान घेतलं आणि दोन फर्म्यांच्या मध्ये, भांडणानंतर आणि पुराच्या आधी, शिवायला घेतलं.

“इथे कुणी काहीच लिहिलेलं नाही,” ती कुजबुजली. “काढ त्याची समजूत.”

“एका पानात?”

“जास्त घातली तर पुठ्ठा बसणार नाही.”

शेवटची गाठ मारून तिने वर पाहिलं, तेव्हा स्टूल रिकामं होतं. ओलं मात्र होतं.

मामांनी सवयीने बोटांवर पानं मोजली आणि मध्येच थांबले.

“एक जास्त लागतंय.”

“राहू दे ना, मामा.”

मामांनी ब्रश घेतला आणि पुस्तकाच्या पाठीला खळ लावायला सुरुवात केली.

पाच वाजता ग्रंथपालबाईंनी पृष्ठांक तपासून मान डोलावली. तक्रार करणारी शाळकरी मुलगी काउंटरपाशी ताटकळत होतीच. भाचीने पुस्तक स्वतः तिच्या हातात दिलं.

“मध्ये एक पान कोरं आहे. तिथे जरा थांबशील?”

“का?”

“दोघं बोलतायत.”

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि बरं म्हटलं. बाहेरच्या पायरीवर बसून तिने शेवटचा भाग उघडला. भाची दारात उभी राहिली. इतका वेळ ती आजवर एका जागी उभी राहिली नव्हती. वीसेक मिनिटांनी मुलगी कोऱ्या पानाशी पोचली. पानावर तळहात ठेवून ती रस्त्याकडे बघत बसली. एक बस आली आणि गेली. दुसरीही गेली.

मग तिने पान उलटलं.