दाराचं तोंड कुणीकडे

गार्डच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी त्याची थोरली बहीण न्हाणीघरात घसरली आणि खाटेला खिळली. एका खोलीत दोन बाळं रडायची, दुसऱ्या खोलीत सत्त्याहत्तर वर्षांची ताई सगळ्यांवर ओरडायची, आणि मधल्या खोलीत गार्ड कानात कापूस घालून बसायचा. अडतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत त्याला सगळे गार्डच म्हणत. ताईसाठी मात्र तो अजून लहान्याच होता.

डॉक्टर येऊन गेले, नळी लावून छाती ऐकली, आणि बाहेर येऊन गार्डला हळूच म्हणाले की हाड जुळेल, पण हृदय थकलंय. हळू बोलून काही उपयोग झाला नाही. ताईचे पाय गेले होते, कान नव्हते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला खाटेजवळ बोलावलं आणि जुनंच भांडण नव्यानं उकरून काढलं.

त्यांचा बाप टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा चौकीदार होता. टाकीशेजारी एका खोलीचं घर होतं, तिथेच ही दोघं जन्मली. बासष्ट वर्षांपूर्वी एका दुपारी आईच्या पोटात कळ आली आणि ती जमिनीवर कोसळली. ताई तेव्हा पंधरा वर्षांची, लहान्या पाच वर्षांचा. ताईचं म्हणणं असं, की ती दारात उभी राहिली तेव्हा बाप उतारावरून वर येत होता. आईला टाकून खाली धावता येईना, म्हणून तिनं जीव खाऊन हाका मारल्या. बाप मधल्या सपाट खडकावर थांबला, तिच्याकडे पाठ करून बसला, आणि त्यानं विडी पेटवली. चांगली अर्धी घटका बसला. वर आला तोवर आई निळी पडली होती. पुढे दवाखान्यात नेईपर्यंत ती गेलीच.

त्या दिवसापासून ताई बापाशी बोलली नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन गेली, ती तो मेला तरी आली नाही. बापानंही कधी खुलासा केला नाही. तो मुळात मुलखाचा घुमा, मूग गिळून बसणारा.

आई गेल्यावर लगेच बापानं टेकडी सोडून खाली शहरात बिऱ्हाड केलं; लहान्या तिथे त्याच्याजवळ वाढला, म्हणून बापाचा झाला. त्याचं म्हणणं असं, की खोलीचं दार टाकीकडे होतं, उताराकडे नव्हतंच. दारातून उतार दिसणं शक्य नाही. ताईनं दुःखाच्या भरात काहीतरी मनात धरलं आणि एका गरीब माणसाला जन्मभर वाळीत टाकलं. या एका दारावरून दोघं भावंडं आयुष्यभर भांडत आली होती. पत्रातून भांडली, लग्नाकार्यात भांडली, ताई विधवा होऊन भावाकडे राहायला आली त्या संध्याकाळीसुद्धा भांडली.

"त्याचा खोकला मला ऐकू येत होता," ताई दर वेळी म्हणायची. "मग माझी हाक त्याला कशी ऐकू गेली नाही?"

त्या सकाळी मात्र ती भांडली नाही. म्हणाली, "लहान्या, एकदा वर जा आणि बघून ये. दाराचं तोंड कुणीकडे आहे ते डोळ्यांनी बघ. मी आता जाणार. तिकडे गेल्यावर तो भेटेल. त्याच्याशी बोलायचं की नाही, ते मला इथूनच ठरवून जायचंय."

गार्डला हसू आलं, पण ताई हसत नव्हती.

टेकडी काही लांब नव्हती, पण तिच्या पायथ्याशी आता लोखंडी फाटक होतं. वरचे नळ चोरीला जायला लागल्यापासून पाणीखात्यानं एकट्यादुकट्याला आत सोडणं बंद केलं होतं. गार्डनं फाटकावरच्या माणसाला सांगून पाहिलं, की माझा जन्म इथलाच. तो म्हणाला, आजोबा, असं सगळेच सांगतात. फक्त रविवारी, चिठ्ठी असलेल्या गटाबरोबर या. जितकी डोकी आत, तितकी बाहेर.

चिठ्ठी होती औषधाच्या दुकानवाल्याकडे. त्यानं दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता: हसतखेळत चालणारी रविवारची मंडळी, घाई नाही, स्पर्धा नाही, कुणीही यावं. गार्डनं नाव दिलं. बायको गेल्यापासून हा माणूस दूध आणायलासुद्धा कुणाबरोबर गेला नव्हता, त्यामुळे त्याच्या मुलीला फार आनंद झाला. तिनं त्याला पांढरे बूट आणून दिले. आपण कशासाठी जातोय हे त्यानं तिलाही सांगितलं नाही, औषधवाल्यालाही नाही. घरातली धुणी चारचौघांत कशाला?

पहिल्याच रविवारी त्यानं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. फाटकाशी चौदा जण जमले, औषधवाल्यानं विचारलं की सगळ्यांत मागे कोण राहील, कुणी सुटायला नको. गार्डच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मी राहतो." अडतीस वर्षांची सवय. शेवटचा डबा आला म्हणजे गाडी आली, हे त्याच्या रक्तात भिनलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गार्डचे पाय बांधले गेले.

कारण सगळ्यांत मागे चालत होती शिंपीणकाकू. बाई स्वभावानं सोन्यासारखी, पण गुडघे शिलाईयंत्रावर झिजलेले. पन्नास पावलं टाकून ती थांबे, ओढणीनं तोंड पुसे आणि एखादी गोष्ट सांगायला लागे. गोष्ट संपेपर्यंत पुढचं पाऊल पडत नसे. काकू हलल्याशिवाय गार्ड हलू शकत नव्हता.

पुढचे लोक तरी झपाझप जात होते म्हणावं, तर तेही नाही. कुणी फुलाचा फोटो काढी, कुणी त्या फोटो काढणाऱ्याचा फोटो काढी. सायकलच्या दुकानवाला आणि त्याची बायको कोणत्या वळणावर कोण चुकलं यावर भांडत, आणि भांडण मिटेपर्यंत सगळे वाट बघत. मधल्या सपाट खडकापर्यंत आले की मंडळी धापा टाकत बसून घेत, थर्मास उघडत, डबे निघत. ठरलेला नियम असा, की बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. आणि बारा दर रविवारी त्या खडकावरच वाजत.

एका रविवारी चाळीस मिनिटं एका पक्ष्यात गेली. तो पक्षी नव्हताच, फांदीला अडकलेली पिशवी होती. एका रविवारी कुणाच्या तरी बुटाचा तळवा सुटला आणि सगळा गट त्या बुटाभोवती आजाऱ्याभोवती बसावा तसा बसला. एकदा वाढदिवस निघाला. केक कुणीतरी पाठीवरून आणला होता, तो वाटेत चेपला, त्याचंही सगळ्यांना हसू. गार्डच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आठशे टन कोळसा घेऊन जाणारी गाडी या लोकांपेक्षा लवकर चढायची.

घरी आलं की ताई उशीवरून मान वळवायची.

"पाहिलंस?"

"नाही."

"मग तिथे करतोस काय?"

"चहा पितो," गार्ड चिडून म्हणायचा.

पाचव्या रविवारी त्यानं औषधवाल्याला गाठलं. मला पुढे चालू द्या, मागे दुसऱ्या कुणाला ठेवा, म्हणाला. औषधवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, गार्डसाहेब, तुमच्यासारखा मागचा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. आणि वर आहे काय? एक झाकलेली टाकी आणि एक पडकी खोली. खरी मजा वाटेतच आहे.

गार्डला वाटलं, याच्या तोंडावर सांगावं की त्या पडक्या खोलीत माझी आई पडली होती. पण सांगितलं नाही. बापाचा मुलगा होता.

सहाव्या आठवड्यात शुक्रवारी ताईचा श्वास जड झाला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. रविवारी सकाळी गार्ड बूट घालत होता तेव्हा तिनं विचारलं नाही, नुसतं पाहिलं. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

त्या दिवशी खडकाच्या अलीकडे शिंपीणकाकू नेहमीसारखी थांबली आणि भाचीच्या सासूची गोष्ट सांगायला लागली. पुढचे दिसेनासे झाले होते. गार्डनं तिला एका दगडावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाला, "काकू, इथेच बसा. मी येतोच." जन्मात पहिल्यांदा त्यानं शेवटचा डबा सोडला.

जुन्या नळाच्या कडेनं एक आडवाट होती. पूर्वी नळ दुरुस्त करणारे तिनंच चढायचे. गार्ड झुडपांत हात घालून, गुडघे टेकत, खडक टाळून थेट वर निघाला. छाती भात्यासारखी चालत होती. टाकी दिसली. तिच्याशेजारी खोली होती, छप्पर गेलेलं, भिंती कमरेच्या वर शाबूत.

दार उताराकडे होतं.

दुसरं दारही नव्हतं. टाकीच्या बाजूला हातभर खिडकी होती, तेवढीच. पाच वर्षांच्या पोरानं दिवसभर त्या खिडकीत बसून तेव्हाच्या उघड्या टाकीतलं पाणी पाहिलं असेल आणि तिलाच दार समजला असेल. ताई खरी होती. गार्ड दाराच्या चौकटीत उभा राहिला आणि त्याला बापाचा असा राग आला, की बाप समोर असता तर त्यानं हात उगारला असता. इतकी वर्षं आपण कुणाची वकिली केली?

खाली मधला खडक स्वच्छ दिसत होता. मंडळी तिथे बसली होती, सगळी पाठमोरी. खडकाचा उतारच तसा होता, शहराकडे तोंड करूनच बसता येई. आणि त्यांचं बोलणं गार्डला कानात सांगितल्यासारखं ऐकू येत होतं. औषधवाला एक विनोद सांगत होता, तो त्यानं शेवटपर्यंत ऐकला. सायकलवाल्याची बायको म्हणाली की चहात साखर कमी आहे, तेही ऐकलं.

मग एकदम गडबड उडाली. कुणीतरी मागे जाऊन आलं होतं. काकू एकटीच आहे, गार्ड कुठे गेला? माणसं उभी राहिली, हाका मारायला लागली.

"मी इथे आहे," गार्ड ओरडला. "वर."

कुणी मान वळवली नाही. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटातून ओरडला. चाळीस डबे ओलांडून इंजिनापर्यंत जाणारा आवाज होता तो. औषधवाला खाली झुडपांत वाकून बघत होता. सायकलवाला वाटेनं मागे धावला. गार्ड पुन्हा ओरडला, मग पुन्हा. घसा फाटला. त्याच्या तोंडावर खालून वारा येत होता, दुपारी दरीतून वर चढणारा, न थांबणारा वारा. खालचं सगळं तो वर आणत होता आणि वरचं काही खाली जाऊ देत नव्हता.

गार्ड दारातच खाली बसला. ती चढण चढून आलेला माणूस त्या खडकावर बसणारच. सहा रविवार सगळेच बसले होते.

खाली आल्यावर जे व्हायचं ते झालं. औषधवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला की मी चौदा डोक्यांची सही केली आहे, तुम्हाला काही झालं असतं तर मी तुमच्या मुलीला काय सांगितलं असतं? वयाचा मान ठेवून बोलतोय, पण पुढच्या रविवारपासून येऊ नका. गार्डनं मान खाली घातली. त्याच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं. शिंपीणकाकू रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "मला भीती नाही वाटली हो. पण सांगितलं असतं, तर मी स्वतःच म्हटलं असतं की जा."

घरी पोचला तेव्हा बाळं झोपली होती. ताईनं मान वळवली.

"दार उताराकडेच आहे," गार्ड म्हणाला. "तू खरी."

तिनं डोळे मिटले. जिंकल्याचा आनंद काही दिसला नाही. मग त्यानं पुढचं सांगितलं. वारा, खडक, पाठमोरी माणसं, विनोद, आपण मारलेल्या हाका. ताई ऐकत राहिली.

"नीट ओरडलास का?"

"ताई, घसा बघ माझा."

ताईचा पारा चढला. तिनं पांघरूण बाजूला सारलं.

"मग त्या मुखदुर्बळानं सांगायचं नाही? की पोरी, मला ऐकू आलं नाही म्हणून? एवढं एक वाक्य जड होतं?"

"तू विचारलंस का कधी?"

गार्डला बोलून गेल्याचं वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येत नव्हता. ताईनं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीकडेच बघत म्हणाली, "सगळं फुकट गेलं रे, लहान्या. माझंही आणि त्याचंही." आणि मग, चिडूनच, "भेटला तर आधी चांगलं झापणार आहे. मग बघू."

सोमवारी तिनं दूधभात खाल्ला. मंगळवारी खाल्ला नाही. बुधवारी बाळांना खाटेवर आणून ठेवायला सांगितलं, आणि दोघं रडायला लागल्यावर घेऊन जा म्हणाली.

थोरली बहीण गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता वारली.