सेड्रिकचं पत्र कोणी काढायचं

पाकीट मंगळवारी आलं आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. गिरणीत माझ्या मागावर सारखे धागे तुटत होते. मुकादम ओरडला, मी उलट त्याच्यावरच ओरडले.

आमच्या पाकिटाची रीत साधी होती. चंद्र, मंगळ आणि अग्निबाणांच्या गोष्टींनी खुळावलेली आम्ही मूठभर माणसं इंग्लंडभर विखुरलेली. लढाई सुरू झाली, अमेरिकेहून येणारी मासिकं थांबली, भेटीगाठी संपल्या, कागदाचा दुष्काळ पडला. मग सगळ्यांची पत्रं एकाच पाकिटात घालून ते गावोगाव फिरवायचं ठरलं. पाकीट घरी आलं की सगळ्यांचं वाचायचं, आपलं जुनं पत्र काढून नवं घालायचं आणि यादीतल्या पुढच्या पत्त्यावर धाडायचं. दुसऱ्याच्या पत्राला हात लावायचा नाही.

यादीत माझ्यानंतर सेड्रिक पिकर्सगिलचं नाव होतं. हल बंदरातला मुलगा, मालवाहू जहाजावर बिनतारी यंत्र चालवायचा. मागच्या सुट्टीत लिहिलेलं त्याचं पत्र पाकिटात होतं. सोबत, यादी सांभाळणाऱ्या डॉबसनमास्तरांची चिठ्ठी होती. सेड्रिकचं जहाज बुडालं, कुणी वाचलं नाही, असं त्याच्या आईनं कळवलंय. एडना, तू त्याचं पत्र काढून टाक, नाव खोड आणि पाकीट यादीत त्याच्यानंतर असलेल्या पत्त्यावर पाठव.

काढून टाक म्हणे! पत्रात त्यानं माझीच टर उडवली होती. ‘एडनाबाईंनी आखलेल्या यानात स्वयंपाकघरच नाही. मंगळावर पोचेपर्यंत माणसं काय खिळे चावणार?’ उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ऐकणारा समुद्राच्या तळाशी. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते आजही सांगता यायचं नाही. ते पत्र मला माझ्याजवळ ठेवायचं होतं. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मला तो आवडायचा, झालं.

बाबा माझ्या येरझाऱ्यांना कंटाळले. “अगं, पाकीट टाक टपालात आणि मोकळी हो. कोण कुठला पोरगा, तोंडसुद्धा पाहिलं नाहीस त्याचं.”

“ज्यांची तोंडं पाहिलीत त्यांनी तरी काय दिवे लावलेत?”

“जीभ बघा! हिला मंगळावरच द्यायला हवी.”

रविवारी मी पाकीट घेऊन हलची गाडी पकडली. का, ते मलाही धड ठाऊक नव्हतं. स्टेशनांवरच्या पाट्या शत्रूच्या भीतीनं काढून टाकलेल्या, त्यामुळे गाडी थांबली की मी उठायची, विचारायची, परत बसायची. शेजारची बाई शेवटी म्हणाली, “पोरी, तुझ्या बाकाला काटे आहेत का?”

पिकर्सगिलांच्या गल्लीत अर्धी घरं बॉम्बनी पडली होती. दार सेड्रिकच्या आईनंच उघडलं. एप्रनला हात पुसत तिनं माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि काही न विचारता मला स्वयंपाकघरात नेलं.

“चहा फिका आहे. कालचीच पत्ती. बोल.”

मी सगळं सांगितलं.

“म्हणजे त्याचं पत्र कोणी काढायचं?”

“नियमानं त्यानंच. डॉबसनमास्तर म्हणतात, मी काढावं.”

“आणि तुझं काय म्हणणं?”

“मला ते हवंय, मिसेस पिकर्सगिल.” बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले.

“मलाही हवंय,” ती म्हणाली. “सुट्टीत घरी यायचा तेव्हा माझ्याशी बोलायचा कुठे? इथंच, या टेबलावर, तुम्हाला लिहीत बसलेला. जुनी पत्रं जहाजावर घेऊन जायचा. त्याच्या हातचा चिटोरासुद्धा नाही माझ्याकडे. सगळा सेड्रिक तुमच्याकडेच फिरतोय.”

मी पाकीट उघडलं. पत्र तिच्यापुढे ठेवलं, पण बोटं काही सुटेनात. तिनंच ती हलकेच बाजूला केली.

ती सावकाश वाचत गेली. स्वयंपाकघराच्या ओळीपाशी आली आणि फिस्सकन हसली. “ऐका! साधं अंडं उकडता येत नव्हतं, आणि निघाला दुसऱ्याला शिकवायला!”

“हेच! हेच मी त्याला सांगणार होते,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. तिनं मला पोटभर रडू दिलं. स्वतः मात्र रडली नाही.

मग पत्र घडी करून एप्रनच्या खिशात टाकलं. “जुनं काढलं की नवं घालायचं ना?”

“तुम्ही लिहिणार?”

“का? मला लिहिता येत नाही?”

तिनं बाकीच्यांची पत्रं पुढे ओढली. इंधन किती लागेल, यानाचा पत्रा किती जाड हवा, चंद्रावर आधी कुठला देश पोचेल, यावर आमची हमरीतुमरी चाललेली. ती भुवया चढवून वाचत होती. शेवटी कागदावर एकच ओळ लिहून तिनं तो माझ्याकडे सरकवला.

‘वर गेलेली माणसं परत आली नाहीत, तर त्यांच्या घरी कोण जाऊन सांगणार?’

इतकी वर्षं आम्ही भांडत होतो, पण हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

मी यादी काढली, पेन्सिल हातात घेतली. सेड्रिकचं नाव खोडून शेजारी तिचं लिहायचं, असं माझ्या मनात होतं. तिनं माझं मनगट धरलं.

“नाव राहू दे. पत्ता तोच आहे ना?”