सामासिक अंतर

नृसिंहराव निसळ निवृत्त झाले आणि सुचित्राताईंचं घर एकाएकी लहान झालं. विटा त्याच, खोल्याही तेवढ्याच. पण दिवसभर ज्या घरावर त्यांचं एकटीचं राज्य असे, त्यात आता एक माजी बांधकाम निरीक्षक सकाळपासून फिरत होता. जिल्ह्यातल्याच एका नगरपालिकेत नृसिंहरावांनी उभी हयात लोकांच्या भिंती मोजण्यात घालवली होती. आता कोल्हारच्या घरी बसल्यावर मोजायला भिंती उरल्या नाहीत, म्हणून ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहत.

"अगं, मिठाचा डबा गॅसपासून इतक्या लांब का? उगाच हेलपाटा पडतो."

मग डब्यांच्या जागा बदलल्या. मग डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लागल्या, जणू इतकी वर्षं सुचित्राताई मीठ म्हणून साखरच घालत होत्या. पुण्याहून लेकीचा, रुचाचा फोन आला की हे शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "स्पीकरवर टाक." आई-लेकीचं बोलणं स्पीकरवर टाकण्यासारखं नसतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

माणूस वाईट नव्हता, हीच तर खरी पंचाईत होती. वाईट असता तर कडाकडा भांडता आलं असतं. हा बिचारा मदतच करत होता, आणि त्या मदतीनं सुचित्राताईंच्या नाकात दम आला होता.

म्हणून एके दिवशी परसदारी चहा पिताना त्यांनी बेतानं विषय काढला. "मागे शेवग्यापाशी एक पत्र्याची शेड घालू या का? छोटीशीच."

"कशाला?"

तुम्ही नसाल अशी एक जागा हवी म्हणून, हे उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. "सामान ठेवायला. पापड-कुरडयांचे डबे, जुनी भांडी."

शेजारचे कारभारी कुंपणापलीकडे उसाचं वाढं कापत होते. त्यांचे कान तिकडेच. "काकू, त्यात काय अवघड हाय? शुक्रवारी सांजच्याला खांब रवू, सोमवारी हापिस उघडायच्या आत पत्रा ठोकून मोकळं. आमची शेड तशीच झाली की. कोन इचारतंय?"

नृसिंहरावांच्या हातातली बशी कलंडली. सुट्टीच्या दिवशी होणारी बांधकामं ही त्यांची आयुष्यभराची दुखरी जागा होती. सोमवारी सकाळी नोटीस घेऊन जावं तर भिंतीला रंगसुद्धा लागलेला असायचा आणि आत गणपतीच्या फोटोसमोर उदबत्ती जळत असायची.

"माझ्या घरात विनापरवाना खिळासुद्धा ठोकला जाणार नाही," ते म्हणाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. सुचित्राताईंनी ती पाहिली आणि मुकाट्यानं कपबशा उचलल्या.

दुसऱ्याच दिवशी ते ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेविका पंकजा वयानं रुचाएवढीच होती, आणि पत्र्याच्या शेडसाठी परवानगी मागायला आलेला माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"काका, एवढ्याशा शेडला कोणी अर्ज करत नाही. घाला ना तुम्ही."

"लागत नाही असं लेखी द्या."

असं लेखी देण्याची सोय पंकजाकडे नव्हती. म्हणून तिनं अर्ज मागितला, आणि तिथं ती फसली.

नृसिंहरावांनी नकाशा काढायला घेतला. दिवाणखान्यातल्या टेबलावर कागद पसरला, त्यामुळे सुचित्राताईंची बसायची उरलीसुरली जागाही गेली. रोज जेवताना त्यांना सामासिक अंतर समजावून सांगितलं जाऊ लागलं. कुठलंही बांधकाम असो, त्याच्या चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते. वारा खेळायला पाहिजे, उजेड यायला पाहिजे, वेळप्रसंगी माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. "भिंतीला भिंत लागली की आतला जीव गुदमरतो, सुचित्रा. लोकांना हे कळत नाही."

"नाहीच कळत," सुचित्राताई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

एकदा अर्ज दिला की तो पुढं सरकायला हवा. पण नृसिंहरावांनी स्वतःच्याच अर्जात त्रुटी काढली. शेवग्याच्या बाजूनं अंतर वीतभर कमी पडत होतं. पंकजा म्हणाली, चालतंय. ते म्हणाले, चालत नाही. त्यांनी अर्ज मागे घेतला, शेड लहान केली आणि नवा नकाशा दिला. मग त्यात उत्तर दिशेचा बाण राहिला होता. मग कारभारींची ना हरकत हवी झाली. कारभारी म्हणाले, "माझी हरकत कशाला आसंल?" आणि सही करायला मात्र पंधरवडाभर सापडले नाहीत, कारण सहीच्या कागदाला ते बिबट्यापेक्षा जास्त भ्यायचे.

या साऱ्या भानगडीत सुचित्राताईंना एक गोष्ट हळूहळू उमगली. नवरा सकाळीच ग्रामपंचायतीत जात होता आणि जेवायच्या वेळेलाच उगवत होता. घर पुन्हा त्यांचं झालं होतं. त्या रुचाशी पोटभर बोलत, रेडिओ लावत, मिठाचा डबा मनाला येईल तिथं ठेवत. ज्या एकांतासाठी शेड हवी होती तो शेड न होण्यानंच मिळत होता. आपली शेड कधीच होऊ नये, असं त्यांना मनापासून वाटू लागलं. "जागेचा उतारा जुना झाला असेल हो," असं त्या अधूनमधून सुचवतही.

पण पंकजाच्या सहनशक्तीला सीमा होती. परवानगी मिळाली. वापर : घरगुती साठवण.

शेड उभी राहिली. जोत्याची तपासणी करायला पंकजानं यावं असा नृसिंहरावांचा आग्रह होता आणि ती आलीही. पुऱ्या गावात नियमानं उभी असलेली तेवढी एकच शेड असावी. पहिल्या दुपारी सुचित्राताईंनी तिथं खुर्ची टाकली. दारातून शेवग्याची सावली आत येत होती. त्यांनी डोळे मिटले. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिथं टेबल आलं.

त्याचं झालं असं की गावात बोभाटा झाला होता. निसळकाकांना सगळे नियम तोंडपाठ आहेत, नकाशासुद्धा काढून देतात. पहिले आले कारभारी, आपली दोन दिवसांत ठोकलेली शेड कायद्यात कशी बसवायची ते विचारायला. त्यांच्यामागून गोठेवाले आले, दुकानाचा ओटा वाढवलेले आले, जिना शेजारच्याच्या हद्दीत गेलेले आले. नृसिंहरावांना सल्ल्याचे पैसे नको होते, नुसता ऐकणारा हवा होता, आणि असा माणूस गावाला क्वचितच मिळतो. शेडीतून दर थोड्या वेळानं हाक यायची, "अगं, चार कप!" पूर्वी सुचित्राताई एकट्या नवऱ्याला चहा देत होत्या. आता त्या परसदार ओलांडून अर्ध्या गावाला चहा देत होत्या, आणि येताना कोणीतरी म्हणायचं, "काकू, साखर जरा कमी."

साखर कमी म्हटल्याच्या तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांनी ट्रे खाली ठेवला, पायांत चपला घातल्या आणि ग्रामपंचायत गाठली.

पंकजानं तक्रार वाचली. पुन्हा वाचली. "काकू, हे खरंच नोंदवून घेऊ?"

"लेखी दिलंय ना? मग तुला बघावंच लागेल. त्यांनीच सांगितलंय मला, रोज जेवताना."

पंकजा टेप घेऊन स्थळपाहणीला आली तेव्हा शेडीत मंडळी जमलेली होती. नृसिंहरावांची छाती फुगली. "या, या! मोजा. एक इंच इकडचा तिकडे सापडणार नाही."

"अंतर बरोबर आहे, काका," असं म्हणून तिनं नोटीस पुढं केली. मंजूर वापर घरगुती साठवण, प्रत्यक्षात वापर कार्यालयीन, तरी खुलासा करावा. कारभारी सगळ्यांत आधी सटकले. त्यांच्यामागोमाग बाकीचे.

नृसिंहरावांनी उभ्यानं वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेली वस्तू पहिल्यांदाच त्यांच्या हातात आली होती. "मसुदा चांगला आहे," ते पुटपुटले. "तक्रार कोणाची?"

"माझी," सुचित्राताई दारातून म्हणाल्या.

पंकजाला अचानक दुसरं काम आठवलं आणि ती निघून गेली.

"तुझी? माझ्याविरुद्ध?"

"चारही बाजूंनी जागा सोडावी लागते म्हणता ना? वारा खेळायला, उजेड यायला?" आता थांबणं शक्य नव्हतं. "माझ्याभोवती किती सोडलीत तुम्ही? स्वयंपाकघरात तुम्ही, फोनवर तुम्ही. ही शेड डब्यांसाठी नव्हती हो. मला घटकाभर एकटीला बसायचं होतं. तिथंही तुम्हीच येऊन बसलात."

आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुलासे मागणाऱ्या नृसिंहरावांनी नोटिशीची घडी घालून ती खिशात ठेवली. त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले, नकाशांची गुंडाळी काखेत मारली. "मग मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं. दप्तर घेऊन वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे ते दिसत होते. सुचित्राताईंना भडभडून आलं. पण त्यांनी 'इथंच बसा' म्हटलं नाही, फार कष्टानं म्हटलं नाही.

वाट पंकजानंच काढली. ग्रामपंचायतीत एक टेबल रिकामं होतं, आणि अर्ज घेऊन येणाऱ्यांना नियम सांगत बसायला तिला वेळ नव्हता. नृसिंहराव डबा घेऊन पुन्हा कामाला जाऊ लागले. शेडीत पापडांचा एक डबा गेला, नियम म्हणून. त्याच्याशेजारी सुचित्राताईंची खुर्ची आली.

पहिल्या दिवशी ते परतले तेव्हा त्या शेडीतच होत्या, कानाशी फोन, पलीकडे रुचा. नृसिंहराव परसदारात आले आणि शेवग्यापाशी थबकले. मग त्यांनी पत्र्यावर बोटानं टकटक केली.

"येऊ का?"

सुचित्राताईंनी फोनवर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. डोळे भरून आले, तरी त्यांनी चेहरा पंकजासारखा केला.

"अर्जात त्रुटी आहे," त्या म्हणाल्या. "चहा करून आणा. दोन कप. साखर नेहमीची."

नृसिंहराव मागे वळले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "अगं, साखरेचा डबा कुठं आहे?"

"चिठ्ठी वाचा," सुचित्राताई म्हणाल्या, आणि पुन्हा लेकीशी बोलू लागल्या.