मालकाने नाकारलेली पहार

मी पहार बोलतेय. सध्या पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत उभी आहे. माझ्या कमरेला चिठ्ठी बांधली आहे.

लोहाराने मला घडवलं ते कातळ फोडायला. आत्मारामभाऊंच्या बागेत हापूसच्या कलमांचे खड्डे मीच खणले. भागोजी गडी मला खांद्यावर टाकून गुणगुणत जायचा. ती कलमं आज मोहरतात. माझा जन्म काही वाईट नव्हता.

मग भाऊंना मिरजोळ्याची खोली रिकामी हवी झाली. तिथे कमळा आणि तिची मुलगी दिशा भाड्याने राहत होत्या. भाऊंनी आधी पाणी तोडलं, मग वीज. कमळा हलली नाही. तिने कोर्टातून मनाईहुकूम आणला.

एका सकाळी भाऊ भागोजीला म्हणाले, "पहार घे. खड्डा मारायचाय."

खड्डा नव्हताच. समोर कमळाचं हिरवं दार होतं.

"कमळे, बाहेर हो."

"भाऊ, कोर्टाचा हुकूम आहे," आतून आवाज आला.

"कोर्ट रत्नागिरीत. आपण मिरजोळ्यात."

भागोजी अडला. "भाऊ, बाईमानूस आत हाय वो."

"मग तू काय तिचा मेव्हणा?" म्हणत भाऊंनी मला हिसकावून घेतलं आणि दारावर घातलं. फळी फाटली. मी थेट आत घुसले. कमळा दाराला हात टेकून उभी होती. दगड फुटतो तो आवाज मला ठाऊक आहे. हाडाचा त्याहून बारीक असतो.

भाऊंनी कुकर, देव, दिशाचं दप्तर अंगणात भिरकावलं. कमळाने दुसऱ्या, धड हाताने मला पकडलं. त्यांनी लाथा घातल्या, फरफटत नेलं. पोलीस येईपर्यंत तिने मला सोडलं नाही.

"पहार तुमची?" हवालदाराने विचारलं.

"आमची नाय," भाऊ म्हणाले. "तिचीच असेल."

इतके खड्डे खणले, आणि मालकाने ओळख दिली नाही.

आता त्या खोलीला भाऊंचं कुलूप आहे. कमळा हात गळ्यात बांधून बहिणीच्या पडवीत झोपते. वकीलबाई म्हणाल्या, दार भाऊंनीच फोडलं हे कोर्टात ठरलं, की खोली कमळाला परत मिळेल. भागोजीला साक्षीला बोलावलंय.

भागोजी, माझ्या टोकाला अजून हिरवा रंग आहे, पण माझं बोलणं कोर्टात चालत नाही. तुला भाऊंच्याच बागेत राबायचंय, हेही मला कळतं. तरी तुझा खांदा मला ओळखतो.

मी कोणाची, एवढंच सांग.