हसू नकोस, सिनालेई

चर्चहून परतल्यावर इओसेफोच्या घरी जमिनीतली भट्टी उघडली. भाजलेले नीरफणस, नारळाच्या दुधातलं अळू, मासे, कशाची म्हणून कमी नव्हती. बंदी होती ती फक्त हसण्यावर. त्याची थोरली मुलगी सिनालेई हसली की गुडघ्यांत लुळी पडून कोसळायची. एरवीही ती वर्गात, नदीवर, भर प्रार्थनेत झोपायची आणि जागी होताना छातीवर कुणी बसल्याचं सांगायची. गावाचं निदान ठरलेलं : आइतू, म्हणजे मेल्या नातलगाचं भूत.

तरी तिच्या धाकट्या भावानं पाद्रीबाबांच्या जांभईची नक्कल केलीच. सिनालेई हसली आणि अळूवर आडवी झाली.

जेवायला आलेली फुआतिनो मावशी गावची वैदू. तिनं हातातला घास टाकून पोरीच्या डोळ्यांत पाल्याचा झोंबरा रस पिळला. "कोण गं तू? नाव सांग, सोडते."

"ताला," सिनालेई पुटपुटली. ताला ही तिची वारलेली आत्या.

"बघ इओसेफो! बहिणीचं थडगं साधं बांधलंस, म्हणून रुसलीय."

"मावशी, एवढा रस घातलात तर मीसुद्धा ताला होईन," पंगतीला बसलेल्या शाळेच्या एतेविसे बाई म्हणाल्या. "हा झोपेचा आजार आहे. उद्याच्या बोटीनं हिला राजधानीत, आपियाला डॉक्टरकडे नेते."

"डॉक्टर माझ्या बहिणीला ओळखतो का?" इओसेफोनं विचारलं.

"नाही. म्हणूनच त्याच्याकडे न्यायचं."

इओसेफोनं पोरीच्या गालाला लागलेलं अळू पुसलं. मग म्हणाला, "पोर हो म्हणाली तर न्या."

बाईंनी सिनालेईला पाण्याच्या नळाशी नेलं. डोळे धूत ती हळूच म्हणाली, "बाई, आत्याबित्या कुणी येत नाही. नाव घेतलं की रस थांबतो."

"मग चल ना, वेडे!"

"डॉक्टर भूत नाही म्हणाला, तर मी कोण उरले? आळशी. आत्या आहे तोवर बाबा काठी उचलत नाहीत."

"अगं, तो आजार आहे."

"आजार खोकल्याला म्हणतात. झोपेला कोण म्हणतं? वर्गाबाहेर उन्हात उभं तुम्हीच करायचात ना?"

बाईंनी नळ बंद केला. सिनालेई घरात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या नको म्हणतेय."

इओसेफोनं सुटकेचा श्वास सोडला. बहिणीला सिमेंटचं थडगं कबूल केलं. मावशी नवा पाला तोडायला उठली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डुलक्या घेणाऱ्या मुलांना उभं करायची शिक्षा कायमची बंद केली. पण ते पाहायला सिनालेई वर्गात नव्हती. झपाटलेल्या पोरीला शाळा कशाला, असं घरात ठरलं होतं, आणि गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.