लेफ्ट बॅक हत्तरकी

कोल्हापुरात माणसाला पहिल्यांदा विचारतात, कुठल्या तालमीचा? मग विचारतात, फुटबॉलात कुठल्या जागेवर खेळायचास? शिवकुमार हत्तरकी नेसरीचा. त्याला तालीम नव्हती, जागाही नव्हती. विद्यापीठाच्या बेसबॉल संघात तो कॅचर होता. दांडूवाल्याच्या मागं उकिडवं बसायचं आणि सुसाट येणारा चेंडू जाड हातमोज्यात झेलायचा, हे त्याचं काम. त्याच जोरावर चौऱ्याण्णव साली त्याला कॉलेजात क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली, आणि कॉलेजनं फुटबॉलचा संघ त्याच्या गळ्यात बांधला.

कुणी विचारलं की तो सांगायचा, "गडहिंग्लजला लेफ्ट बॅक खेळायचो." चोरी केली नव्हती, कुणाला बुडवलं नव्हतं. जे उत्तम येत होतं त्याचीच लाज. असली लाज हे गाव फुकटात देतं आणि घेणारे रांग लावून घेतात.

पण शिकवताना हात खोटं बोलत नाहीत. गोलकीपर गुंडूला तो सकाळी लवकर मैदानात न्यायचा आणि बेसबॉलचा तो कठीण चेंडू फेकून मारायचा.

"चेंडूवर धावू नको. येऊ दे. आला की हात मागं घे."

"सर, ह्यो फुटबॉल हाय का मारामारी?"

"गप धर."

गुंडूची बोटं सुजली, मग तयार झाली. दोन हजार एकला कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन फायनल मारली, ती त्याच्या हातांवर. गुंडूच्या पेठेतल्या तालमीनं दोघांना फेटे बांधले. गुंडूच्या हातात माईक दिला.

"माजं हात सरांनी घडवलं," तो म्हणाला. "सर बेसबॉलचं कॅचर हुतं. त्यातलंच समदं मला शिकवलं."

मांडवात हशा पिकला. मागनं एक जण ओरडला, "सर, इट्टी-दांडूतली इट्टी कुठं हाय?"

हत्तरकीनं माईक ओढून घेतला. "पोरगं थट्टा करतंय. मी लेफ्ट बॅक."

पुन्हा हशा, पण आता गुंडूवर. गुंडूनं तिथंच फेटा उतरवला, काखेत मारला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून सरावाला यायचा, पण सकाळी येणं बंद. "व्हय सर", "न्हाय सर", एवढंच बोलायचा.

तालमीचे अध्यक्ष बाळासो मात्र खूश. "लेफ्ट बॅक व्हय? मग पुढच्या साली जुन्या खेळाडूंच्या मॅचला उतरा की आमच्याकडनं." हा मान बाहेरच्या माणसाला मिळत नाही. नाही म्हणायला तोंड कुठलं? वर्षभर हत्तरकी एकटाच भिंतीवर चेंडू मारत डावा पाय घासत राहिला.

मॅचला सगळी पेठ लोटली. जुन्या गोलकीपरांचे गुडघे गेलेले, म्हणून गोलात तेवढा तरुण पोरगा चालायचा. तालमीच्या गोलात गुंडू उभा होता. अर्धा तास हत्तरकी चेंडूपासून लांब पळत होता. मग आपल्याच गोलासमोर, उजवीकडनं एक उंच क्रॉस थेट त्याच्या तोंडावर आला. त्यानं विचार केलाच नाही. गुडघे वाकले, बूड खाली गेलं, दोन्ही हात पुढं आले, आणि चेंडू आवाज न करता ओंजळीत बसला.

झेल देखणा होता. हे लिहायलाच पाहिजे, कारण त्या मैदानात दुसरं कुणी म्हणणार नव्हतं.

शिट्टी वाजली. पेनल्टी. "दांडू आणा रं सरांचा," गॅलरीतनं आवाज आला आणि अख्खी गॅलरी हसली.

समोरच्यानं पेनल्टी दणकून मारली. गुंडू धावला नाही. येऊ दिला, हात मागं घेतले, धरला. अगदी तसाच.

बाळासो पळत आत आले. "कुणी शिकवलं रं असं धराय?"

गुंडूनं चेंडू छातीशी धरला होता. तो सरांकडं बघत म्हणाला, "मागच्या साली माईकवर सांगितलं की. ती थट्टा हुती म्हणं."

बाळासो वळले. "काय वो सर?"

अख्ख्या गॅलरीनं झेल बघितला होता. लपवायला काही उरलंच नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि तेही स्वतःसाठी नाही, त्या पोरासाठी.

हत्तरकी खाली वाकला आणि बांधलेलीच बुटाची नाडी परत बांधू लागला.