चिमणाबाईंची डबी

शिरोळच्या चिमणाबाईंच्या घरात कुठलीही वस्तू आणल्या पुडक्यात राहील तर शपथ! बिस्किटं असोत नाहीतर गोळ्या, फोडून डब्यात गेल्याच पाहिजेत. दम्याच्या कॅप्सुलांचंही तेच झालं. इनहेलरमध्ये घालून ओढायच्या त्या कॅप्सुला पट्टीतून निघाल्या आणि स्टीलच्या डबीत जाऊन बसल्या. पावसाळी ओलीनं आतल्या पुडीच्या गुठळ्या झाल्या, ती ओढली तरी छातीत जाईना. चिमणाबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला.

"औषध चांगलं हाय, माझ्यातच दम न्हाय ऱ्हायला."

आणि औषधच सोडलं.

त्यांची लेक प्रियदर्शनी कोल्हापुरात अशाच पुडींवर संशोधन करते. डबी पाहून तिनं कपाळावर हात मारला. आईला चार शब्द सुनावणं सोपं होतं, पण अशा डब्या घरोघरी असणार. ओलीत टिकेल आणि अशक्त श्वासानंही उडेल अशी पूड करायचा तिनं ध्यासच घेतला.

औषधाच्या द्रावणात तिनं एक अमिनो आम्ल मिसळलं आणि त्याचा फवारा गरम हवेत वाळवला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक कण मनुकेसारखा सुरकुतलेला, आतून पोकळ, आणि त्या सुरकुत्यांमुळेच शेजाऱ्याला चिकटायला तयार नाही. ती थक्क होऊन बघतच राहिली. चहा गार झाला तरी तिचं लक्ष नव्हतं.

पावसाळाभर त्या पुडीच्या कॅप्सुला आईच्याच डबीत, प्रयोगशाळेच्या उघड्या खिडकीशी राहिल्या. मग तिनं आईला बोलावून घेतलं, तिचा श्वास मोजला आणि इनहेलरमधून हवा ओढणारा पंप तेवढ्याच जोरावर लावला. इनहेलर आणि पंपाच्या मध्ये थाळ्यांची उतरंड होती. वरची थाळी म्हणजे घसा, तळातल्या म्हणजे फुप्फुसाची टोकं.

"आई, ह्यो पंप तुझ्याएवढाच ओढतोय बघ. जरा बी जास्त न्हाय."

पंप सुरू झाला. इनहेलरमध्ये कॅप्सूल खुळखुळली, म्हणजे ओढ पुरेशी होती, आणि रिकामी झाली. प्रियदर्शनीनं उतरंड उघडली. तळातल्या थाळ्यांवर पिठीसारखा पांढरा थर बसला होता.

चिमणाबाई वाकून बघत राहिल्या.

"माझा श्वास एवढ्या खाली जातुया?"

"व्हय."

"म्हंजे दम हाय की गं माझ्यात!" त्यांचे डोळे भरून आले. "दे मग ही पूड."

"आत्ताच न्हाय मिळायची. तपासण्यांत वर्षं जातील. तवर जुनंच औषध, पर पट्टीतनं एकेक काढून."

चिमणाबाईंनी लेकीनं दिलेल्या नव्या पट्टीतून एकच कॅप्सूल सोडवली, इनहेलरमध्ये घातली आणि डोळे मिटून ओढली. आत बारीक खुळखुळ झाली.

"वाजली गं," त्या म्हणाल्या.